चार इंचांची उंची कोणाच्या खर्चाने?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या एखाद्या उपनगरात, शनिवारी सकाळी मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानासमोर उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. शेव्हरोले टाहो, फोर्ड एक्स्पिडिशन, टोयोटा सिक्वोया अशांपैकी एखादी, तिकडच्या परिभाषेत ‘फुल-साइझ’ म्हणविणारी, अडीच टन वजनाची एसयूव्ही दुकानातल्या लिफ्टवर चढविलेली असते. मालक खाली उभा राहून दुकानदाराशी दोन प्रश्नांचा खल करीत असतो. गाडी किती इंच उचलावयाची आणि उचलल्यावर तिला टायर कोणते घालावयाचे? दोन इंच, चार इंच की सहा इंच? तेहेतीस इंची टायर की पस्तीस इंची? रस्त्याचे आणि कच्च्या वाटेचे असे दुहेरी टायर बरे की निव्वळ चिखलाचे, खोल नक्षीचे?

या वाटाघाटीत दोनच पक्ष हजर असतात: एक विकणारा आणि एक घेणारा. समोरून लहान मोटारीतून येणारी, रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका तेथे नसते. चौकात रस्ता ओलांडणारे पोर तेथे नसते. निर्णयाचा जो भाग त्यांच्या अंगावर पडावयाचा तो दुकानदाराच्या बिलात कोठेही लिहिलेला नसतो. आणि तरीही हा सौदा म्हणजे ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा निखळ आविष्कार, असे बाजारपेठेचे भाट गेली पन्नास वर्षे सांगत आले आहेत. दोघांच्या सौद्याचा भार तिसऱ्यावर पडत असेल तर बाजारभाव खोटा ठरतो, हे पिगू यांनी १९२० मध्येच मांडून ठेवले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते परीक्षेपुरते का होईना पाठ असते. अमेरिकेच्या रस्त्यांवर मात्र ते अद्याप पोहोचलेले नाही.

तथापि तिसऱ्याची कैफियत मांडण्याआधी खुद्द गिऱ्हाइकाच्या हिताचा हिशेब करून पाहावा. तोही त्याच्या लाभाचा निघत नाही.

गाडी उंच करण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिलीत चासी आणि तिच्यावरचे घर यांच्यामध्ये ठोकळे बसवितात. सस्पेन्शनला हात लागत नाही. गाडीचे पोट होते तेथेच राहते आणि वरचा डोलारा तेवढा उंचावतो. दुसरीत पुढच्या स्प्रिंगवर धातूची किंवा टणक प्लास्टिकची जाड चकती ठेवून गाडी दीड ते तीन इंच उचलतात. ही रीत सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लोकप्रिय. पण चाके स्वतंत्रपणे हलणाऱ्या सस्पेन्शनमध्ये हिचा परिणाम असा होतो की, चाकाकडे शक्ती नेणारे दांडे मुळात आखलेल्या कोनापेक्षा अधिक तिरपे होतात, बॉल जॉइंट ताणले जातात आणि खड्ड्यात चाक खाली उतरण्यास जी मोकळीक हवी ती आधीच खर्ची पडते. उंचीसाठी लवचीकपणा विकलेला असतो. तिसरी रीत चार ते सहा इंचांची. तीत ते कोन पुन्हा जागेवर आणण्यासाठी डिफरन्शियल आणि खालचे आडवे आधार नव्या ब्रॅकेटांनी तेवढेच खाली उतरवितात. म्हणजे चासी उंच, खिडक्या उंच, पण दगडाला आपटणारा सर्वांत खालचा भाग जवळपास पूर्वीच्याच पातळीवर! हजारो डॉलर मोजून मिळविलेल्या सहा इंचांपैकी वाटेतल्या धोंड्याच्या दृष्टीने खरी उंची किती वाढली, हे पाहू गेल्यास उत्तर बहुतांशी मोठ्या टायरमुळे मिळालेल्या उंचीपाशीच येऊन थांबते. आणि टायरचे गणित तर शाळकरी आहे. बत्तीस इंच व्यासाच्या जागी पस्तीस इंची टायर घातला तर आस दीडच इंच वर जातो. व्यासाचा उरलेला अर्धा भाग आसाच्या वरच्या बाजूस असतो.

त्या दीड इंचाची किंमत पाहावी. टायरचा घेर नऊ टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगमापकाची जुळणी नव्याने केली नाही तर काटा ताशी ६० मैल दाखवीत असता गाडी ६५ मैलांहून अधिक वेगाने धावत असते, आणि थांबविण्याच्या क्षणी तिच्यातली गतिज ऊर्जा मालकाच्या समजुतीपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने जास्त असते. ब्रेक तेच, तरफ मात्र लांबलेली. पायाच्या त्याच दाबाला जमिनीपाशी मिळणारा अटकाव नऊ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. जड चाक फिरविण्यास आणि उंच डोलारा वाऱ्यातून नेण्यास पेट्रोल अधिक लागते ते वेगळेच. पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काचेमागे बसविलेल्या कॅमेऱ्याला अंतरे चुकीची दिसू लागतात आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते. किती दुकाने ती जुळवून देतात, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारीत नाही, कारण त्याने जाहिरातीत फक्त इंच पाहिलेले असतात.

टायरच्या निवडीतही असाच एक गोड गैरसमज पोसला जातो. मोटारींसाठी असलेले ‘पी’ जातीचे टायर नाजूक आणि ट्रकसाठीचे ‘एलटी’ जातीचे, ‘ई’ श्रेणीचे, दहा थरांच्या बळाचे टायर मजबूत. मजबूत घेतले की काळजी मिटली, असे त्याला वाटते. मजबुती खरी आहे. पण जाड बाजूंचा एलटी टायर तितक्याच हवेच्या दाबावर पी टायरपेक्षा कमी वजन पेलतो. तितकेच वजन पेलण्यास त्यात हवा अधिक भरावी लागते. दाराच्या चौकटीवर कारखान्याने चिकटविलेल्या पट्टीवरचा आकडा जुन्या टायरांचा असतो. तो आकडा पाहून नव्या टायरांत हवा भरणारा मनुष्य आपली गाडी सुरक्षित करून घेतल्याच्या समाधानात ती धोक्यात घालीत असतो. शिवाय लिफ्टने आणि जड टायरांनी गाडीची भारक्षमता तसूभरही वाढत नाही. उलट त्यांचे स्वतःचे वजन त्या क्षमतेतूनच वजा होते. ट्रकसारखी दिसू लागलेली गाडी पूर्वीपेक्षा कमी ओझे वाहण्यास लायक उरते.

टायर आणि हवेचा दाब यांच्या चुकीचे मोल अमेरिकेने एकदा मोजलेले आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला ६५ लक्ष टायर परत बोलवावे लागले. त्यांपैकी पुष्कळसे फोर्ड एक्स्प्लोरर या, आकाराने एक पायरी लहान असलेल्या एसयूव्हीवर होते. टायरचा वरचा थर धावता धावता सोलून निघत असे आणि उंच गाडी कोलांटी खात असे. मृतांची नोंद अखेर २७१ वर गेली. दोष टायरचा की गाडीचा यावर दोन बड्या भांडवलदारांत जाहीर भांडण जुंपले. फोर्डने २६ पौंडांचा दाब सुचविला होता आणि फायरस्टोनचे म्हणणे ३० पौंडांचे, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा केला आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब सांगणारा दिवा सक्तीचा झाला. हे सर्व कारखान्यात अभियंत्यांनी आखलेल्या गाडीबाबत घडले. आज त्याच जातीच्या, अधिक मोठ्या गाडीची आखणी शनिवारी दुपारपर्यंत एका गॅरेजात बदलली जाते.

कोलांटीचे शास्त्र अवघड नाही. दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, एवढेच ते गुणोत्तर आहे. समजा अंतर ६८ इंच आणि गुरुत्वमध्य २९ इंचांवर आहे, तर गुणोत्तर १.१७. गुरुत्वमध्य तीन इंच वर सरकला की ते १.०६ होते. साध्या सेडान मोटारीचे ते १.४ च्या आसपास असते. सप्टेंबर २०११ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत सक्तीची झालेली इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-यंत्रणा पुष्कळ अपघात टाळते हे मान्य. पण ती ज्या उंचीसाठी आणि ज्या टायरांसाठी जुळविलेली असते ती उंची आणि ते टायर दुकानाच्या मागच्या अंगणात पडलेले असतात.

मग लोक हे का करतात? ‘आवड’ हे उत्तर सोयीचे आहे, परंतु आवडीलाही जन्मदाखला असतो आणि या आवडीचा जन्मदाखला वॉशिंग्टनच्या राजपत्रात सापडतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर, डिसेंबर १९७५ मध्ये, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा-बचतीच्या कायद्यावर सही केली. मोटारींनी १९८५ पर्यंत गॅलनला सरासरी २७.५ मैल गाठावेत असे त्यात ठरले. ‘हलक्या ट्रकां’साठी मात्र वेगळे, सौम्य माप राखून ठेवले, शेतकरी, सुतार, नळकाम करणारे यांच्या कामाच्या गाड्यांना जाच नको, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण फट दिसली की भांडवल तीतून पाण्यासारखे शिरते. १९९६ पासून २००४ पर्यंत हलक्या ट्रकांचे माप २०.७ मैलांवर गोठून राहिले आणि त्याच काळात कुटुंबाची मोटार ट्रकचा वेष घेऊन अवतरली. १९७८ मध्ये बसविलेला पेट्रोल-पिऊ गाड्यांवरचा करही फक्त मोटारींना लागतो, ट्रकांना नाही.

आणि ट्रक म्हणजे काय? त्या व्याख्येत आडरानी जाणाऱ्या गाडीचे जे लक्षण सांगितले आहे ते वाचण्यासारखे आहे. चारही चाकांना शक्ती हवी किंवा भारासह अनुज्ञेय वजन ६,००० पौंडांहून अधिक हवे. शिवाय पोटाखाली किमान २० सेंटीमीटर, आसांखाली १८ सेंटीमीटर मोकळी जागा, पुढचा चढकोन २८ अंश, असल्या पाच मोजमापांपैकी चार गाडीने पुरी करावीत. म्हणजे गाडी जमिनीपासून उचलली की कायद्याचा जाच हलका होतो! आडरानात न जाणाऱ्या कोट्यवधी गाड्यांना आडरानाचे पाय फुटले ते ग्राहकाने मागितले म्हणून नव्हे. उंचीवर सरकारने सवलत ठेवली आणि कारखान्यांना तीत नफा दिसला म्हणून. त्यानंतर जाहिरातदारांनी त्या उंचीला पुरुषार्थ, साहस, कुटुंबाचे रक्षण अशी नावे दिली. गॅरेजातले चार इंच हे त्या कायदेशीर वीस सेंटीमीटरांचेच खाजगी अपत्य आहे.

गंमत म्हणजे ट्रक असणे हे नफ्याच्या दिशेने बदलतेही. १९६४ पासून अमेरिकेत आयात ट्रकांवर २५ टक्के जकात आहे. १९८९ मध्ये तिकडच्या अर्थखात्याने चार दारांच्या एसयूव्हीला जकातीपुरते प्रवासी मोटार ठरविले. इंधनाच्या कायद्यात ट्रक, जकातीच्या कायद्यात मोटार. नरसिंहालाही इतकी सोय नव्हती. प्राप्तिकराच्या कायद्यात तर जडपणाला थेट बक्षीस आहे. २००३ मध्ये ६,००० पौंडांहून जड गाडी ‘धंद्यासाठी’ घेणाऱ्यास पहिल्याच वर्षी एक लक्ष डॉलरपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मिळाली. ओरड झाल्यावर २००४ मध्ये एसयूव्हीपुरती ती मर्यादा २५,००० वर आणली, तरी पुढे २०१७ च्या करकायद्याने संपूर्ण घसारा पहिल्याच वर्षी घेण्याची वाट उघडली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायम केली. निम्म्याहून अधिक वापर धंद्यासाठी आहे असे दाखविता आले की झाले. दंतवैद्याची टाहो उत्पादक गुंतवणूक ठरते. रुग्णालयात झाडू मारणाऱ्या बाईची जुनी लहान मोटार मात्र निव्वळ उपभोग. जुलै २०२५ च्या त्याच कायद्याने मैलांचे माप न गाठणाऱ्या कारखान्यांचा दंडही शून्यावर आणला. नियम राहिला, दंड गेला.

आता गैरहजर पक्षाकडे वळावे. मोटारींच्या बंपरची उंची जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात असावी, असे संघराज्याचे मानक आहे. ते एसयूव्हीला आणि ट्रकांना लागू नाही. लहान मोटारीच्या बंपरवरून जाऊन दारावर आदळणाऱ्या उंच गाड्यांचा प्रश्न इतका बोचू लागला की २००३ मध्ये कारखानदारांनी आपसांत स्वेच्छेचा करार करून पुढचे धक्का शोषणारे भाग जुळत्या उंचीवर आणण्याचे मान्य केले. सक्ती टाळण्याची ती युक्ती होती हे खरे, पण काहीतरी साधले. चार इंचांची लिफ्ट त्या करारावर एका दुपारी बोळा फिरविते. कारखानदार बांधलेला, कारखान्याबाहेरचा मालक मोकळा! सुरक्षेची साधने जाणूनबुजून निकामी करू नयेत, असे बंधन संघराज्याच्या कायद्यात उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती करणारे यांच्यावर आहे. मालक स्वतःच्या गॅरेजात जे करतो ते त्याच्या कक्षेत येतच नाही.

पायी चालणाऱ्यांची स्थिती याहून करुण आहे. बसक्या मोटारीची धडक पायांना लागते आणि मनुष्य बॉनेटवर पडतो. उंच, उभट तोंडाच्या गाडीची धडक छातीला किंवा डोक्याला लागते आणि मनुष्य चाकांखाली जातो. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, ज्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याचा संभव, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. फुल-साइझ गाडी कारखान्यातूनच या रेषेच्या आसपास किंवा वर निघते. तिच्यावर आणखी चार इंच म्हणजे काय, हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. अमेरिकेत २००९ मध्ये वाहनांखाली सुमारे ४,१०० पादचारी मेले. २०२२ मध्ये ही संख्या ७,५०० च्या वर गेली. त्याची कारणे अनेक आहेत. रुंद रस्ते, अंधार, वेग, दारू, हातातले फोन. सगळा दोष उंचीवर लादणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण उंचीला त्यातून वगळणे हा अधिक मोठा अप्रामाणिकपणा आहे, आणि तोच प्रचलित आहे.

अर्थतज्ज्ञ मिशेल व्हाइट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाला अमेरिकी रस्त्यांवरील शस्त्रस्पर्धा असे नावच दिले. मोठ्या गाडीतले लोक जो एक प्राणघातक अपघात टाळतात, त्यामागे इतरांच्या वाट्याला किमान ४.३ प्राणघातक अपघात जास्तीचे येतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कनातीत तमाशा पाहताना पुढच्या रांगेतला एक उठला की मागचे सगळे उठतात. कोणालाच अधिक दिसत नाही आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात. येथे फरक इतकाच की जो उठू शकत नाही तो चिरडला जातो. डॅलस आणि ह्यूस्टनच्या उपनगरांतून स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. इथल्या सर्वांच्याच गाड्या मोठ्या, मग आपल्या पोरांना लहान मोटारीत बसवून कसे चालेल, हा त्यांचा युक्तिवाद. त्या बापाला मूर्ख म्हणता येत नाही. एकेकट्याचा शहाणपणा बेरजेत वेडेपणा ठरतो, म्हणून तर कायदा हवा असतो.

समाजवाद्यांनी येथे एक चूक टाळली पाहिजे. ती म्हणजे उंच गाडीच्या मालकाची शहरी तुच्छतेने टिंगल करण्याची. मोंटानामधील गुरे राखणारा, उत्तर मिशिगनच्या बर्फात सकाळी कामावर जाणारा, जंगलखात्याचा नोकर यांची गरज खरी आहे. पण त्यांची गरज नेमकी किती, हे त्यांनाच विचारावे. त्यांना दोन इंचांच्या आत समतोल केलेली गाडी, भाराच्या हिशेबाने निवडलेले टायर आणि बाजूवर पर्वत-हिमकणाची खूण असलेले रबर पुरते. बर्फावर पकड उंचीने येत नाही, रबराच्या मिश्रणाने येते. युटामधील मोआबच्या खडकांवर आणि कॅलिफोर्नियातील रुबिकॉनच्या वाटेवर जाणारे हौशीही आखूड, अरुंद जीप पसंत करतात. फुल-साइझ गाडी तेथे दोन धोंड्यांमध्ये अडकते. उंची आणि गरज यांचे नाते असे की, बहुधा जेथे उंची सर्वाधिक तेथे डांबर सर्वांत गुळगुळीत.

कामगारांचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि तो टाळणे डाव्यांना शोभणारे नाही. टेक्सासमध्येच आर्लिंग्टन येथे जनरल मोटर्सचा जो कारखाना आहे तेथे १९९६ पर्यंत कॅप्रिससारख्या मोटारी बनत. मग तो एसयूव्हींकडे वळविण्यात आला. टाहो तेथेच बनते. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी मोटार कामगार संघटनेने तेथील सुमारे ५,००० कामगारांना बाहेर काढले आणि आठवड्याच्या आत कंपनी तडजोडीवर आली, कारण नफ्याची नस तेथे होती. म्हणून या गाड्यांना हात लावू नका, त्या कामगारांच्या भाकरीच्या गाड्या आहेत, असे संघटनेतही काही जण म्हणत आले. पण विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिलचा कारखाना विसरता येत नाही. तेथेही हीच गाडी बनत असे. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेले, मागणी कोसळली आणि डिसेंबरात कारखान्याची दारे बंद झाली ती कायमची. फटीतून आलेली भाकरी फटीबरोबर जाते. कामगाराची खरी बाजू घ्यावयाची तर त्याच्या मजुरीची सांगड इंचांशी आणि पेट्रोलच्या भावाशी कोणी घातली, हे त्याला सांगावे लागेल.

टायरांचा माग तर पाण्यापर्यंत जातो. टायर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या ६पीपीडी नावाच्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तोच वॉशिंग्टन राज्याच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे पावसानंतर मारतो, हे २०२० च्या अखेरीस संशोधकांनी दाखवून दिले. गाडी जितकी जड आणि टायर जितका रुंद, तितकी त्याची झीज अधिक. पाच माणसांच्या कुटुंबाला बाजारात नेण्यासाठी चिखलाचे टायर डांबरावर झिजवावयाचे आणि त्याचा चुरा ओढ्यात सोडावयाचा, हाही त्या दोन पक्षांच्या सौद्याचाच भाग आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला यात परक्याची गंमत पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे उंचीचे गणित उलटे बसविलेले आहे. चार मीटरांहून लांब, १,५०० सीसींहून मोठ्या इंजिनाच्या गाडीला, जमिनीपासून १७० मिलिमीटर वा अधिक उंची असली की एसयूव्ही म्हणून वरच्या दराचा वस्तू व सेवा कर लागत आला. ती उंची भरलेल्या गाडीची मोजावयाची की रिकाम्या, हा वाद इतका माजला की जुलै २०२३ मध्ये परिषदेला ‘रिकाम्या गाडीची’ असा खुलासा करावा लागला. सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन एकच ४० टक्क्यांचा दर आला, तरी व्याख्येतले १७० मिलिमीटर राहिले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ लावताना कारखान्याने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे. आणि तरीही देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता याच जातीच्या असतात, आणि स्प्रिंगखालच्या चकत्या येथेही मागणाऱ्याला मिळतात. नुसता करच पुरेसा असता तर खड्डे आणि प्रतिष्ठा या दोन्हींवर तो मात करू शकला असता.

तेव्हा त्या शनिवारच्या गिऱ्हाइकाला खरा सल्ला काय द्यावा? कामच तसे नसेल तर गाडी उचलू नये. पुढचा भाग मागच्यापेक्षा खाली दिसतो एवढेच खुपत असेल तर दीड-दोन इंचांवर थांबावे, चाकांची अलाइनमेंट, दिवे आणि कॅमेरा जुळवून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत. टायर पट्टीवरच्या भारांकापेक्षा कमी नसावा. व्यास कारखान्याच्या मापापासून फार ढळू नये. जात बदलली तर नव्या टायरचा भारतक्ता पाहून हवेचा दाब नव्याने ठरवावा आणि दाबाच्या दिव्यालाही तो कळवावा. हा सल्ला कोणी दुकानदार देत नाही, कारण त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही.

पण सल्ल्याने शस्त्रस्पर्धा थांबत नसते. संघराज्याने बंपरचे मानक सर्व हलक्या वाहनांना लावावे. बॉनेटच्या उंचीला मर्यादा घालावी. वजनावर करसवलत न देता कर बसवावा. दोन इंचांहून अधिक उचललेली गाडी अभियंत्याच्या तपासणीवाचून रस्त्यावर येऊ देऊ नये आणि ती उचलणाऱ्या दुकानाने आपले नाव, भाराचे व दाबाचे नवे आकडे दाराच्या चौकटीवर लावून त्यांची जबाबदारी घ्यावी. हे अशक्य नाही. गाडीचे नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीकडे करण्याचे खूळ तरुणांत पसरले तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ च्या डिसेंबरापासून चार इंचांचा फरक बेकायदा ठरविला. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनाही त्याच वाटेने गेल्या. पोरांच्या खुळावर कायदा होतो, दंतवैद्याच्या खुळावर होत नाही. राज्याराज्यांतले नियम इतके विसंगत आहेत की एका राज्यात बंपर मोजतात, दुसऱ्यात मडगार्ड, तर कोठे काहीच नाही.

टेक्सासने तर प्रश्न मुळातून मिटविला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा-तपासणी बंद झाली आहे. तपासणीपोटी घेतले जाणारे साडेसात डॉलर मात्र नोंदणीच्या वेळी ‘तपासणीच्या बदली शुल्क’ म्हणून अजून घेतले जातात. टेक्सासच्या विधिमंडळातील ज्या सभासदांना श्रमिकांची मते हवी आहेत त्यांनी एवढीच मागणी करावी: पैसे घेताच आहात, तर गाडी लिफ्टवर चढवून एकदा खालून पाहा.